‘कपॅसिटेशन’ला मराठीत काय म्हणावे?

पशुपालकांसाठीच्या पुस्तिकेचे भाषांतर करणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे: वळूच्या शुक्राणूंच्या ‘कपॅसिटेशन’साठी ‘परिपक्वता’ हा शब्द चालेल का?

नाही चालणार. शुक्राणू पक्व होतो तो वळूच्याच शरीरात, वृषणालगतच्या अधिवृषणात. तिथून निघताना तो पोहू शकतो, पण बीजांडात शिरू शकत नाही. त्यासाठी त्याला मादीच्या जननमार्गात काही तास काढावे लागतात. शास्त्रज्ञ चँग यांनी अमेरिकेत आणि शास्त्रज्ञ ऑस्टिन यांनी ऑस्ट्रेलियात १९५१ साली हे स्वतंत्रपणे दाखवले. ‘कपॅसिटेशन’ हे नाव ऑस्टिन यांचे.

त्या तासांत बरेच काही घडते. शुक्राणूच्या आवरणातले कोलेस्टेरॉल निघून जाते. बायकार्बोनेट आत शिरून एका विकराला (एन्झाइमला) जागे करते, त्यातून सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू तयार होतो, आणि त्याचा निरोप मिळताच प्रथिनांना फॉस्फेट जोडले जाऊ लागतात. कॅल्शियम आत येते, शेपटीचे फटकारे जोरकस होतात. वळूच्या शुक्राणूंत हे प्रयोगशाळेत घडवायला हेपॅरिन नावाचे द्रव्य वापरतात.

‘क्षमताप्राप्ती’ हा शब्द लॅटिन मुळाला धरून आहे, चूक नाही. पण मिळवलेली क्षमता टिकते असे आपण धरून चालतो. इथे उलट आहे: तयार झालेला शुक्राणू फार वेळ जगत नाही.

म्हणून मी ‘फलनसज्जता’ सुचवेन. संस्कृत कोशात ‘सज्ज’ची व्युत्पत्ती ‘सज्य’पासून दिली आहे, सज्य म्हणजे ज्या, अर्थात दोरी, चढवलेले धनुष्य. दोरी चढवून ठेवलेले धनुष्य हळूहळू जोर गमावते, म्हणून ती आयत्या वेळी चढवायची. शुक्राणूचेही तसेच! ‘फलन’ म्हणजे शुक्राणू आणि बीजांडाचे मीलन. हा शब्दही गोठ्याला परका नाही, ‘गाय फळवली’ आपण म्हणतोच, जरी तिथे अर्थ रेतनाचा, म्हणजे गाईच्या जननमार्गात रेत सोडण्याचा, असला तरी.

गोठवलेल्या रेतमात्रेतले काही शुक्राणू थंडीच्या आघाताने अवेळीच या अवस्थेला पोहोचतात. त्याला ‘अकाली सज्जता’ म्हणता येईल. पुस्तिकेत वाक्य असे बसेल: ‘गोठवलेल्या रेतातील काही शुक्राणू अकाली सज्ज होतात आणि लवकर मरतात, म्हणून रेतन बीजांड सुटण्याच्या वेळेजवळ व्हावे यासाठी सकाळी माजावर आलेल्या गाईला संध्याकाळी, तर संध्याकाळी माजावर आलेल्या गाईला दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे.’