1998 च्या बॉक्सस्टरला नंतर ईएससी बसवता येईल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: जळगावात 1998 ची पॉर्शे बॉक्सस्टर आहे, 2.5 लिटर. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, ईएससी (गाडी घसरू लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) नाही. पावसात कन्नड घाट उतरताना वळणावर मागचा भाग सुटतो. नंतरच्या वर्षाच्या मॉडेलचं ईएससी युनिट भंगारातून आणून बसवलं तर चालेल का?

भाऊ, नुसतं युनिट बसवून ईएससी होत नाही. आणि तुमची गाडी आधी ब्रेकपाशी अडत नाही, अ‍ॅक्सिलरेटरपाशी अडते. 1999 पर्यंतच्या बॉक्सस्टरचं थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, केबलने उघडतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल 2000 च्या मॉडेलला आलं आणि पॉर्शेचं ईएससी, म्हणजे पीएसएम, त्यानंतर 2001 च्या मॉडेलपासून. गाडी घसरू लागली की पीएसएम ब्रेक लावतं तसं इंजिनही स्वतःच दाबतं, म्हणजे त्याची ताकद कमी करतं. तुमचा पाय केबल ओढून बसला असेल तर ते कसं दाबणार? म्हणून इंजिनाचा कंट्रोलर बदलायचा (तुमचा मोट्रॉनिक 5.2.2, नंतरचा 7.2), त्यासोबत थ्रॉटल बॉडी, पेडल, वायरिंग आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप). थोडक्यात, एक अख्खी गाडी आणून तुमच्या गाडीत ओतायची.

ब्रेकचं कामही साधं नाही. एबीएस तुमच्या पायाने आलेला दाब फक्त सोडतं आणि परत धरतं. ईएससीला पाय ब्रेकवर नसतानाही एकाच चाकावर दाब तयार करावा लागतो. म्हणून साध्या एबीएस युनिटमध्ये 8 व्हॉल्व्ह असतात, तर ईएससीत 12. शिवाय स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर, गाडी किती वेगाने वळतेय आणि आडवी किती ढकलली जातेय ते मोजणारा सेन्सर, आणि ब्रेकच्या दाबाचा सेन्सर लागतो. हे सगळं मिळालं तरी आतलं गणित त्या एका मॉडेलचं असतं: व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), वजन, स्टिअरिंगचं गुणोत्तर, कॅलिपरचा आकार. दुसऱ्या कंपनीचं युनिट तर विसराच. नट बसतील, गणित बसणार नाही.

तरीही कोणी 2001 नंतरची पूर्ण दाता-गाडी मिळवून काम काढलंच, तर कुठे फसतं ते सांगतो. वळण मोजणारा सेन्सर मूळ जागी, मूळ ब्रॅकेटवर आणि बाणाच्या दिशेनेच बसला पाहिजे. गाडी मागून सुटली की ईएससी वळणाबाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावतं, पुढून सरळ जाऊ लागली की आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला. सेन्सर उलटा बसला तर डावं वळण त्याला उजवं वाटतं. दिवा लागून यंत्रणा बंद पडली तर नशीब समजा, नाहीतर ब्रेक चुकीच्या चाकाला लागेल. बॅटरी काढून कॅनच्या (गाडीतले कंट्रोलर एकमेकांना जोडणाऱ्या जाळ्याच्या) दोन तारांमध्ये रोध मोजा, 60 ओहमच्या आसपास यायला हवा. 120 आला तर एक टोक कुठेतरी सुटलंय. नवीन युनिटच्या आतल्या पोकळीत हवा अडकते आणि ती पेडल मारून निघत नाही. पंप आणि व्हॉल्व्ह चालवू शकणारा स्कॅनर लागतो, नाहीतर पेडल स्पंजसारखं राहतं. अलाइनमेंट झाल्यावर स्टिअरिंग सेन्सरचा शून्य पुन्हा शिकवायचा. हे करणारा फिटर धुळे-जळगावात सापडला तरी पीएसएमचं कोडिंग करून देईल का, हे काम द्यायच्या आधी विचारा. ब्रेकमध्ये बदल करताना मोटार वाहन कायद्याचं कलम 52 डोळ्यांखालून घाला आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

बाजारात मिळणारी ट्रॅक्शन कंट्रोल किट म्हणजे ईएससी नव्हे. ती इग्निशन कापून चाक फिरणं थांबवतात. तुमचा त्रास उलटा आहे: वळणात घाबरून पाय उचलला की वजन पुढे जातं आणि मधल्या इंजिनाच्या गाडीचा मागचा भाग हलका होतो. तिथे इग्निशन कापून काय मिळणार?

म्हणून मी तुमच्या जागी पैसे टायरमध्ये घालीन. 16 इंची रिमला पुढे 205/55, मागे 225/50. दोन्हींचा व्यास जवळजवळ सारखा, 632 आणि 631 मिलिमीटर, त्यामुळे एबीएसलाही चाकांचे वेग जुळतात. मागे 225/55 घातलं की व्यास साडेतीन टक्क्यांनी वाढतो. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे हवेत. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात रबर कडक होतं, नक्षी शाबूत दिसली तरी. सहा वर्षांपुढचे टायर पावसाळ्यात ठेवू नका. ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आलेला काळ्या मातीचा चिखल आणि कडक टायर ही जोडी ईएससीलाही आवरत नाही, कारण तिलाही पकड टायरकडूनच उसनी घ्यावी लागते. हवा थंड टायरमध्ये मोजा, पुढे 2.0 आणि मागे 2.5 बार.

ब्रेक ऑइल डॉट 4, दर दोन वर्षांनी नवीन. ते हवेतलं पाणी शोषतं, मग उत्कलनबिंदू घसरतो आणि घाट संपेपर्यंत पेडल खाली जातं. मागच्या सस्पेन्शनच्या आर्मचे रबर बुश बघा. सैल झाले तर पाय उचलताच मागची चाकं टो-आउट होतात, म्हणजे त्यांची पुढची टोकं बाहेर वळतात, गाडी मागून स्टिअर होते आणि तुम्हाला वाटतं टायर सुटला. बुश बदलल्यावर अलाइनमेंटवाल्याला बजावून सांगा, चारही चाकांचं करायचं. बरेच जण पुढची दोन करून पैसे घेतात, आणि तुमच्या गाडीचा आजार मागे आहे.