चेंबरवर सिमेंट मारून भागेल का?

प्रश्न: दादा नमस्कार. लातूरजवळ आमचं नवीन घर बांधून झालंय, खाली-वर दोन मजले, सामान पण आणून टाकलं आणि मग भोगवटा प्रमाणपत्रासाठी तपासणी झाली तर साहेबांनी ड्रेनेजवर तीन शेरे मारले. एक, वरच्या बाथरूमचं पाणी गच्चीच्या पावसाच्या पाइपाला जोडलंय आणि तो पाइप बोअरजवळच्या पुनर्भरण खड्ड्यात (पावसाचं पाणी जमिनीत मुरवायच्या) जातो. दोन, किचनची लाइन गल्ली ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारं जाळीचं भांडं) न बसवता सरळ चेंबरमध्ये सोडलीय. तीन, संडासच्या चेंबरपासून रस्त्याच्या चेंबरपर्यंत तीस फुटात ढाळच नाही. वर फ्लश केला की खालच्या न्हाणी ट्रॅपमध्ये (बाथरूमच्या जाळीखालच्या भांड्यात) गुडगुड होतं अन् घरात वास यायलाय, सासूबाईंना तर जेवण जाईना. ठेकेदार म्हणायलाय वरून सिमेंट मारून देतो, काही होत नाही. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवलेत, सगळं उखडावं लागंल का?
(एक वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर: ताई, आधी बोअरचं बघा, बाकीचं नंतर. ते पाणी प्यायला वापरत असाल तर आजपासून बंद करा, अगदी आजपासून. आपल्याकडं मातीखाली काळा पाषाण आहे, पाणी त्याच्या भेगांमधून सरळ खाली उतरतं, वाळूतून गाळलं जातं तसं गाळलं जात नाही. म्हणजे साबणाचं, आंघोळीचं, लहान लेकराचे कपडे धुतलेलं पाणी खड्ड्यात गेलं की ते बोअरला लागायला वेळ लागत नाही. ज्या गावाला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं बोअर नासवून घेणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. बाथरूमची लाइन गच्चीच्या पाइपावरून आधी तोडा, तिला वेगळा पाइप खाली आणा आणि पावसाच्या पाइपाचं ते भोक नीट बुजवा. कुठं अजून चोरजोड राहिलीय का बघायला प्रत्येक बाथरूममध्ये एकेक बादली नीळ घातलेलं पाणी ओता आणि खड्ड्यात निळं पाणी दिसतं का ते बघा. साधी गोष्ट आहे, पण पक्की. नंतर खड्ड्यातला घाण झालेला वरचा वाळू-खडीचा थर काढून नवीन भरा आणि बोअरचं पाणी भूजल सर्वेक्षणच्या नाहीतर जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत तपासून घ्या.

आता ढाळ. खरा खर्च इथंच आहे आणि ठेकेदारानं चूकही इथंच केलीय. चार इंची पाइपाला, म्हणजे ११० मिमीच्या, साधारण चाळीस फुटाला एक फूट ढाळ धरतात. तुमच्या तीस फुटाला ९ इंच झाला. जागा कमी पडली तर साठाला एक, म्हणजे ६ इंच, त्याच्या खाली जाऊ नका. आणि मोजायचं खालून, आधी रस्त्याचं चेंबर उघडून त्यातल्या नालीचा तळ बघा, तिथून लेवल ट्यूब (उंची मोजायची पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावत घराकडं या. बरेच जण संडासापासून सुरू करतात आणि रस्त्याजवळ आलं की कळतं पाइप उंचीला बसेना, मग सपाट करून टाकतात, तुमच्याकडं बहुतेक हेच झालं असणार. आपल्याकडं आठ-आठ दिवसांनी नळ येतो, माणसं अर्ध्या मगात भागवतात, मग लाइनीत मैला ढकलायला पाणीच कमी असतं. भरपूर पाणी असलेल्या गावात सपाट लाइन काही वर्षं तरी चालून जाईल, इथं एका उन्हाळ्यात तुंबते.

त्यामुळं तेवढ्या तीस फुटाचे ब्लॉक उखडावेच लागतील, सगळं अंगण नाही. पेव्हर ब्लॉक परत बसतात, त्याचं दुःख करू नका. पण चर खोदला की काळ्या मातीवर थेट पाइप ठेवू देऊ नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाइप मधेच खचतो. चार बोटं जास्त खोदून मुरूम नीट ठोकून घ्या, त्यावर वाळू, मग पाइप, बाजूनं पण वाळू. जोड सोल्युशननं चिकटवायचे नको, रबर रिंगचे घ्या, ते थोडे हलतात पण फुटत नाहीत. पाइप जिथं भिंतीतून निघतो तिथं सिमेंटनं घट्ट आवळू नका, थोडी फट ठेवून मऊ काहीतरी भरा. घर आणि अंगणाची जमीन एकसारखी खचत नाही, आवळलेला पाइप तिथंच मोडतो. आणि पाइपावरचं प्रिंट वाचा: टाइप ए पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपासाठी, संडास-बाथरूमला टाइप बी लागतो. स्वस्त पडतो म्हणून ए मारून जातात.

त्याच चरात नळाची लाइन असेल तर ती बाजूला आणि वर घ्या. नळ जातो तेव्हा त्या रिकाम्या पाइपात आत ओढ बसते, कुठं बारीक फट असली की बाजूचं घाण पाणी आत शिरतं. हे लई जण विसरतात.

गल्ली ट्रॅपचं काम अर्ध्या दिवसाचं आहे. किचनची लाइन त्यात सोडा आणि त्यातून चेंबरला न्या, जाळी निघेल अशी बसवा. संडासची लाइन मात्र गल्ली ट्रॅपमध्ये कधीच नाही, ती थेट चेंबरला. गुडगुड होतं ते हवेमुळं. फ्लशचं पाणी खाली येताना मागं हवा मिळाली नाही की ते न्हाणी ट्रॅपमधलं पाणी ओढून घेतं, आणि तेच दोन इंच पाणी वास अडवून धरत असतं. उभ्या पाइपाचं वरचं तोंड गच्चीच्या वर जाळीच्या टोपीसह उघडं आहे का बघा, बऱ्याचदा ते टोपण लावून बंदच केलेलं असतं. न वापरलेल्या बाथरूममध्ये उन्हाळ्यात आठवड्याला एक तांब्या पाणी ओतत जा, तिथलं पाणी वाळतं आणि वास येतो. सासूबाईंचा त्रास बहुतेक एवढ्यानंच कमी होईल.

चेंबरचा तळ सपाट ठेवू देऊ नका, अर्धगोल नाली करून दोन्ही बाजूंनी उतार द्यायला सांगा. बुजवायच्या आधी खालचं तोंड प्लगनं बंद करून वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरा, खडूनं खूण करा, तासभर थांबा. पाणी उतरलं तर जोड गळतोय. मग एका चेंबरमध्ये टॉर्च धरून दुसऱ्यात आरसा धरा, पूर्ण गोल दिसला तर लाइन सरळ आहे, चंद्रकोर दिसली तर कुठंतरी खचलीय.

ठेकेदाराला सांगा की साहेब परत बघून जाईपर्यंत चर उघडा राहील, आणि शेवटचा हप्ता तोवर देऊ नका. टेप लावून खोली दिसेल असे फोटो काढून ठेवा. रस्त्याच्या मुख्य लाइनीला हात लावायचा झाला तर परवानगी काढून लायसन्सवाल्या प्लंबरकडूनच करा. आणि घरात सेप्टिक टाकी असली, ती साफ करायला कुणाला आत उतरायला लावू नका, गॅसनं माणूस दोन मिनिटांत जातो, २०१३ च्या कायद्यानं तो गुन्हाही आहे, सक्शनची गाडी बोलवा. बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट आला की मला जरूर कळवा, त्यावर ब्लिचिंग पावडर किती टाकायची ते सांगतो.