पाचवा महिना आहे, त्रास काहीच नाही. तरी मुदतपूर्व प्रसूती टाळायला योनिमार्गाची स्वॅब तपासणी (काडीवर स्राव घेऊन त्यात जंतुसंसर्ग आहे का ते पाहणं) करून घ्यावी का?

त्रास नसेल आणि आधी लवकर बाळंतपण झालेलं नसेल, तर मागे लागायची गरज नाही.

ही कल्पना आली ती मुख्यतः व्हिएन्नातल्या एका अभ्यासातून (2004). चार हजारांवर गर्भवतींचा स्वॅब 15 ते 19 आठवड्यांत घेतला. निम्म्यांचे रिपोर्ट डॉक्टरांना कळवून उपचार केले, बाकीच्यांचे कळवलेच नाहीत. अकाली प्रसूती पहिल्या गटात 3.0 टक्के, दुसऱ्यात 5.3. आकडे मोहात पाडणारे आहेत, पण तिथे बुरशी, ट्रायकोमोनास (लैंगिक संबंधातून पसरणारा परजीवी), जिवाणू असं सगळंच एकत्र तपासलं होतं. पुढे फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत (2018) फक्त बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनीतल्या जिवाणूंचा समतोल बिघडणं) शोधून क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, तर फरक पडला नाही. 2020 मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञगटानेही कमी धोक्याच्या गर्भवतींची यासाठी सरसकट तपासणी नको असंच सांगितलं.

आता लक्षणांचं. गरोदरपणात अंगावरून पांढरं जास्त जातंच, त्याने घाबरू नका. मात्र ते करडं-पातळ असेल, मासळीसारखा वास येत असेल, खाज किंवा जळजळ असेल तर लगेच दाखवा. मग स्वॅब हवाच. पाण्यासारखं सतत गळत असेल किंवा रक्त दिसलं तर थेट दवाखाना गाठा. आधीचं बाळंतपण लवकर झालं असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा, तिथे निर्णय वेगळा होऊ शकतो.

आणि हो, मैत्रिणीची उरलेली क्रीम वापरू नका. लघवीची तपासणी मात्र चुकवू नका, ती वेगळी आणि गरजेची आहे.