कोल्हापुरात बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात सरकारी संस्थेत विज्ञानाची पगारी इंटर्नशिप मिळेल का?

मिळते की! पण उन्हाळ्याची तयारी दिवाळीत करावी लागते, इथंच आपली पोरं चुकतात. मार्चमध्ये शोधायला लागलास तर बहुतेक गाड्या सुटलेल्या असतात.

आधी तीन विज्ञान अकादम्यांची (बंगळूर, दिल्ली, प्रयागराज) समर रिसर्च फेलोशिप बघ. सगळ्यांचा मिळून एकच अर्ज. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, वर विद्यावेतन आणि रेल्वेचं भाडं. मुंबईच्या टीआयएफआरचीही (टाटा मूलभूत संशोधन संस्था) उन्हाळी योजना आहे. इस्रोत इंटर्नशिप होते, पण विद्यावेतन नाही. राहण्या-जेवणाचा खर्च धरूनच जा.

अर्जात नुसत्या मार्कांवर भागत नाही. काय करायचंय ते थोडक्यात लिहावं लागतं. माझा पहिला मसुदा 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड' असा होता. सरांनी लाल पेनानं काट मारली आणि म्हणाले, "पंचगंगेच्या पाण्यात काय मोजणार ते लिही." मग राजाराम बंधाऱ्याजवळच्या पाण्यातल्या फॉस्फेटवर लिहिलं, तेव्हा कुठं त्यात जीव आला.

शिफारसपत्रासाठी प्रॅक्टिकलला तुला रोज बघणाऱ्या मॅडम किंवा सरांनाच गाठ. प्राचार्यांच्या सहीचा रुबाब इथं फार चालत नाही. आणि सुट्टी लागायच्या आत गाठ, एकदा गावाला गेले की फोन उचलतीलच असं नाही.