शेवटच्या केमोनंतरची उदासी

ताई, स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले, रिपोर्ट चांगले आले, घरचे आनंदात आहेत आणि तरीही मन उठत नाही, असे आपण म्हणालात. उपचारांनंतर पुष्कळांना असेच होते. अमेरिकेतील ‘एएससीओ’ या कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नैराश्याच्या लक्षणांसाठी सजगतेच्या ध्यानाची (माइंडफुलनेस) आणि योगाची शिफारस आहे. अर्थात औषधे चालू असतील, तर ती यासाठी बंद करू नयेत.

आरंभ आसनांपासून नको. खुर्चीत टेकून बसावे, हात पोटावर ठेवावा आणि उच्छ्वास श्वासापेक्षा किंचित लांबवावा. पाच मिनिटे पुरेत. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात फिजिओथेरपिस्ट सांगतील तेवढाच उचलावा, त्यावर शरीराचा भार देऊ नये, आणि सूज किंवा जडपणा जाणवल्यास थांबून डॉक्टरांना दाखवावे. कपालभाती, भस्त्रिका सध्या नकोतच, क्लासमध्ये कोणी कितीही आग्रह केला तरी.

डोळे मिटताच विचार अधिकच अंगावर येत असतील, तर ध्यानाचा हट्ट धरू नये. त्याऐवजी रंकाळा तलावाच्या काठाने, गर्दी नसेल अशा वेळी, पावलांकडे लक्ष देत सावकाश चालावे. मला तरी बसण्यापेक्षा हेच मानवले.

दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे; जगणे नकोसे वाटल्यास तत्काळ टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध सुरू असल्यास मानसोपचारतज्ज्ञांना आवर्जून सांगावे, कारण पॅरोक्सेटिनसारखी नैराश्यावरील काही औषधे त्याचा परिणाम कमी करू शकतात.