अभिप्रायाच्या अर्जांचं पुढे काय होतं?

प्रश्न: दर सत्राअखेर आम्ही अभिप्रायाचे अर्ज भरतो. त्याने अभ्यासक्रम खरंच सुधारतो का?

उत्तर: सुधारतो, पण नुसत्या अर्जांनी नाही. बहुतेक ठिकाणी ५ ते ७ वर्षांनी विभाग स्वतःचा अहवाल लिहितो आणि बाहेरचे प्राध्यापक येऊन तो पडताळतात. अशा समित्यांवर मी बरंच काम केलंय. अहवालाआधी मी प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा मागते. एकदा उद्दिष्टांत ‘स्वतंत्र विश्लेषण’ होतं आणि सलग ४ वर्षं प्रश्न मात्र ‘व्याख्या द्या’, ‘टीपा लिहा’ एवढेच! एका अर्जात ओळ सापडली, ‘पाठांतरावर भागतं.’ तीच आम्ही शिफारशीत उचलली आणि पुढे परीक्षेत प्रकल्प आला. म्हणून ‘छान’ लिहून सोडू नका. नेमकं कुठे अडलं ते लिहा. मागच्या शिफारशींचं काय केलं, हेही विभागाला जरूर विचारा.