एमसीक्यूचा पेपर झाला की प्रश्नही तपासा

प्रश्न : मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. इंटर्नलला 100 मुलींना एमसीक्यू (पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न) देतो. काही प्रश्न हुशार मुलींचेही चुकतात, काही सगळ्यांनाच येतात. प्रश्नच वाईट होता की शिकवणं कमी पडलं, हे कसं ओळखायचं? — एक शिक्षिका, नंदनवन, नागपूर

उत्तर : यासाठी आयटम अॅनालिसिस, म्हणजे एकेका प्रश्नाची आकड्यांनी तपासणी करतात; एक्सेल पुरतं. एकूण मार्कांनुसार उत्तरपत्रिका लावा, वरच्या 27 आणि खालच्या 27 (म्हणजे 27-27 टक्के) काढा, मधल्या 46 बाजूला ठेवा. मग प्रत्येक प्रश्नाला कोणत्या गटातल्या किती जणींनी कोणता पर्याय घेतला ते मांडा. नुसतं बरोबर-चूक मोजू नका. खरी गोष्ट चुकीच्या पर्यायांतच कळते.

आपल्या मे महिन्याचंच उदाहरण घ्या. भर दुपारी इतवारीत माल उतरवणारा हमाल कोसळला. अंग 41 अंश सेल्सिअस, बरळतोय. आधी काय कराल? अ) पॅरासिटामॉल, ब) अंग ओलं करून जोरात वारा, क) ओआरएस पाजणे, ड) रक्ताच्या रिपोर्टची वाट. उत्तर ब. समजा वरच्या गटात 21 आणि खालच्या गटात 9 जणींना ते आलं. 54 पैकी 30, म्हणजे डिफिकल्टी इंडेक्स (किती टक्के जणींना उत्तर आलं) 56 टक्के. 30 ते 70 चालतो. नाव डिफिकल्टी असलं तरी आकडा वाढला की प्रश्न सोपा, इथे हमखास घोळ होतो. 21 उणे 9, भागिले 27 : डिस्क्रिमिनेशन इंडेक्स (प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलींत किती फरक दाखवतो) 0.44, उत्तम. 0.2 च्या खाली गेला तर प्रश्न नव्याने लिहा.

आता उरलेले पर्याय. खालच्या गटातल्या 11 जणी 'अ'कडे गेल्या असतील, तर उष्माघातात पॅरासिटामॉल ताप उतरवत नाही, हे वर्गात पुन्हा घ्यायला हवं. 'क'वाल्या 7 जणींना सांगा, शुद्ध हरपत चाललेल्याला तोंडाने पाजलं तर पाणी श्वासनलिकेत जातं. 'ड' कुणीच घेतला नाही? मग तो पर्याय नुसती जागा अडवतोय. 5 टक्केही मुली ज्याकडे वळत नाहीत, तो बदलाच.

डिस्क्रिमिनेशन इंडेक्स उणे आला, म्हणजे खालच्या गटाला जास्त आलं, तर सर्वांत आधी आन्सर की (बरोबर उत्तरांची यादी) पाहा. उदाहरणार्थ, सीपीआरमध्ये (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून द्यायच्या उपचारात) छाती दाबण्याचा वेग 2010 च्या मार्गदर्शक सूचनांत मिनिटाला 'किमान 100' होता, 2015 पासून 100 ते 120 आहे. आन्सर की जुन्या पुस्तकातली असेल तर अभ्यास केलेली मुलगीच मार्क गमावते. हा तिच्यावर सरळ अन्याय आहे. रिझल्ट लावण्याआधी सगळ्या पेपरांचे मार्क दुरुस्त करा.

सगळ्यांना येणारा प्रश्न मात्र लगेच काढू नका. ज्या चुकीने रुग्ण दगावू शकतो, ते सगळ्यांना यायलाच हवं. आणि वर्ग 30 जणींचा असेल तर गटात 8 जणीच येतात. एकीच्या उत्तराने इंडेक्स 0.12 ने हलतो. तिथे निकाल न देता फक्त शंका घ्या.

प्रश्न : ओएससीईच्या (एकेका स्टेशनवर कौशल्य करून दाखवायच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या) चेकलिस्टलाही हे लागू होतं का? — त्याच

उत्तर : होतं. 'हात स्वच्छ केले' ही ओळ जवळपास सगळ्यांचीच चुकली असेल, तर मुलींना दोष देण्याआधी त्या स्टेशनच्या टेबलावर हँडरबची (हातांना चोळायच्या जंतुनाशकाची) बाटली ठेवली होती का, ते पाहा.